आधी नंबर आपला, मग मोबाईल शिकू



गटाच्या बैठकीत मोबाईल शिकण्याचा विषय निघाला की आम्ही पहिला प्रश्न फोनचा विचारत नाही, पासबुकाचा विचारतो. "तुमच्या बँकेच्या खात्याला नंबर कुणाचा लागलाय?" एवढाच प्रश्न. मग जरा वेळ शांतता होते. कुणी म्हणतं, पोराचा. कुणी म्हणतं, मालकांचा. एखादी म्हणते, खातं काढलं तेव्हा पुतण्या सोबत होता, त्यानं त्याचाच दिला असेल. आणि एकदोघी हमखास विचारतात, "ताई, खात्याला नंबर पण लागतो का?"

लागतो. आणि आज आपण जे बोलणार आहोत त्या सगळ्याचं मूळ तिथंच आहे. खात्यात पैसे आले किंवा खात्यातून गेले की बँक त्या नंबरवर मेसेज पाठवते. म्हणजे कर्जाचा हप्ता कटला, सबसिडी जमा झाली, पापडाच्या ऑर्डरचे पैसे आले, हे खातेदार बाईच्या आधी दुसऱ्याला कळतं. तो पुण्याला कंपनीत असेल तर त्याला तिकडे कळतं, आणि बाई इकडं बँकेच्या रांगेत उभी राहून विचारते, "साहेब, आलं का काही?" फोनवरून पैसे पाठवायचं यूपीआय चालू करायचं असेल तर ज्या नंबरचं खातं, तेच सिम त्या फोनमध्ये असावं लागतं. त्याच सिमवरून एक मेसेज आपोआप बँकेकडे जातो आणि मग खातं ओळखलं जातं. सिम मुलाच्या फोनमध्ये आणि फोन आईच्या हातात, असं चालत नाही. म्हणून नंबर दुसऱ्याचा असला तर ताई कितीही हुशार असू दे, तिचं शिकणं दारातच अडतं.

दुसरी एक गोष्ट कमी जणींना माहीत असते. बरेच दिवस रिचार्ज केला नाही, वापरला नाही, की नंबर बंद होतो आणि काही काळानं कंपनी तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. मुलानं सिम बदललं, जुना नंबर गेला, पण आईच्या खात्याला तोच लागलेला आहे. आता आईच्या खात्याचे मेसेज कुणा अनोळखी माणसाला जातात. म्हणून पासबुक, आधार आणि साधा अर्ज घेऊन शाखेत जायचं आणि नंबर बदलून घ्यायचा. हे काम खातेदारानंच करायचं असतं. घरच्यांनी परस्पर केलं तर परत तेच होईल.

आधारला लागलेला नंबर वेगळा आणि बँकेला लागलेला वेगळा, हेही इथंच सांगून टाकू. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आणि नंतर ई-केवायसी करताना आपल्या कितीतरी जणींना हे पहिल्यांदा कळलं. अर्ज भरायला बसलं आणि ओटीपी गेला तो भलत्याच फोनवर. आधारचा नंबर आधार केंद्रावर बदलून मिळतो, तिथं बोटाचा ठसा घेतात. बँकेत सांगून आधारचा नंबर बदलत नाही आणि आधार केंद्रात सांगून बँकेचा बदलत नाही. दोन वेगळी दारं आहेत.

एवढं झालं की मग फोन हातात घ्यायचा. इथं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आता या वयात कुठं जमायचं बाई." आमचा अनुभव असा की वयाचा भाग यात आहे, पण तो डोक्यात नसून डोळ्यांत आणि बोटांत आहे.

डोळ्यांचं आधी. चाळिशी उलटली की जवळचं पुसट दिसायला लागतं. म्हणून तर आपल्याकडं त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. शेतात, चुलीपुढं, जनावरांत काम करताना लांबचं दिसतं, त्यामुळं बाईला वाटतं आपली नजर चांगली आहे. सुईत दोरा ओवायला ती नातीला हाक मारते, तांदूळ निवडताना ताट उजेडात धरते, आणि दिवस निभावतात. मोबाईलची बारीक अक्षरं समोर आली की मात्र काहीच लागत नाही, आणि ती म्हणते, मला समजत नाही. समजतंय हो, दिसत नाहीये! आमच्या वर्गात पहिल्या दिवशी आम्ही डोळे तपासायला सांगतो. ग्रामीण रुग्णालयात तपासणी होते, गावात शिबिर आलं तर तिथंही होते. आणि फोनमध्येही एक सोय आहे. सेटिंग उघडायचं, त्यात डिस्प्ले, त्यात फॉन्ट साइज, आणि अक्षर मोठं करायचं. तरुण पोरं हसतात, "आजीचा फोन म्हणजे भिंतीवरची पाटी." हसू द्या.

आता बोटांचं. "मी दाबते तर काही होत नाही, आणि झालं तर भलतंच उघडतं." ही तक्रार प्रत्येक वर्गात येते, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. मोबाईलची काच दाबानं चालत नाही. त्या काचेखाली अगदी सूक्ष्म वीज खेळत असते. आपल्या शरीरातूनही वीज जाते, म्हणून बोटाचा मऊ भाग टेकला की त्या जागी फरक पडतो आणि फोन तो फरक ओळखतो. नखानं टोचलं तर काहीच होत नाही. खुरपून, राखेनं भांडी घासून, सरपण वेचून ज्या बोटांना घट्टे पडले आहेत, भेगा गेल्या आहेत, ती कातडी कोरडी आणि जाड असते. तिच्यातून तो फरक नीट पोचत नाही. याच बोटांचे ठसे रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत, तेच इथं होतं. मग बाई आणखी जोरात दाबते, आणखी वेळ दाबून धरते. आणि दाबून धरणं म्हणजे फोनच्या भाषेत वेगळा हुकूम. टिचकी मारली तर उघड, दाबून धरलं तर निवड, हलव, पुसून टाक असं काहीबाही विचारतो. भलतंच उघडतं ते यामुळं.

उपाय साधे आहेत. बसायच्या आधी हात धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं अगदी थोडं बोट चोळायचं आणि परत पुसायचं. ओल्या किंवा पिठाच्या हातानं फोन घ्यायचा नाही. अंगठ्यापेक्षा तर्जनी वापरायची, बोट सरळ टोकानं न टेकवता जरा आडवं टेकवायचं. कुंकवाचं बोट कसं अलगद टेकवतो, तसं टेकवायचं आणि उचलायचं. आणि अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून एक भाग असतो, तिथं 'टच अँड होल्ड डिले' वाढवता येतो. म्हणजे बोट जरा जास्त वेळ राहिलं तरी फोन त्याला टिचकीच समजतो. हे एक सेटिंग बदललं आणि फोन नीट चालायला लागला, असं आम्ही कितीदा पाहिलंय. ज्यांच्या घरात आई, सासू, आजी फोनला शिव्या देते, त्यांनी आज घरी जाऊन एवढं करून बघा.

यापेक्षा मोठी अडचण काचेच्या बाहेरची आहे. तिचं नाव, "दे इकडं, मी करतो."

घरातलं पोरगं वाईट नसतं. आईला मदतच करत असतं. आई विचारते, फोटो कसा पाठवायचा? पोरगं फोन हातात घेतं, तीन सेकंदांत चार ठिकाणी बोट लावतं आणि परत देतं, "झालं." आईनं काय पाहिलं? काहीच नाही. पुढच्या वेळी ती परत विचारते, पोरगं वैतागतं, "किती वेळा सांगू!" सांगितलं एकदाही नसतं, केलं मात्र दहादा असतं. म्हणून आमच्या वर्गात एकच नियम कडक आहे. शिकवणारीनं हात पाठीमागं बांधायचे. तोंडानं सांगायचं, बोट शिकणारीचंच. वेळ लागतो, अर्धा तास एका फोटोत जातो, पण जातो तो तिच्या बोटातून जातो. सातवीतली नात या कामाला चांगली. तिला शाळेत गप्प बसायची सवय असते, आणि आजीवर ओरडायची अजून झालेली नसते.

सरकारनं २०१७ साली खेड्यांसाठी डिजिटल साक्षरता अभियान काढलं होतं. वीस तासांचं प्रशिक्षण, १४ ते ६० वयासाठी, घरटी एक माणूस. आता घरात एकाच माणसाला जायचं म्हटलं की कोण जातं हे आम्ही सांगायला नको. साठीच्या पुढच्या आजीचा तर प्रश्नच नव्हता. पण वय होऊन गेलेल्यांनी शिकणं आपल्याकडं नवीन नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी पाटी घेऊन बसली, आणि ती मोहीम पुढं राज्यभर गेली. अलीकडं, २०१६ च्या महिला दिनाला, ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा भरली. गुलाबी साड्या नेसलेल्या, साठीच्या पुढच्या आज्या दप्तर घेऊन बसलेल्या आपण फोटोत पाहिल्या असतील. त्यांना शिकवायला उभी राहिली ती त्याच गावातली एक सून. सुनेपुढं सासू विद्यार्थीण म्हणून बसते, हे पाटीवर जमलं तर मोबाईलवर का जमू नये?

शिकायचं कुठून सुरू करायचं? आमचं मत असं की तक्ता घेऊन 'हे बटण कशाचं, ते बटण कशाचं' असं पाठ करायला लावू नये. जिला ज्याची गरज आहे तिथून सुरू करावं. लेक नांदायला लांब दिली आहे ना, मग पहिला धडा व्हिडिओ कॉल. शिवणकाम करते ना, मग ब्लाउजच्या नमुन्याचा फोटो काढणं आणि पाठवणं. एका बैठकीला एकच काम, आणि पुढच्या बैठकीपर्यंत रोज एकदा तेच.

लिहिता न येणाऱ्या किंवा कमी येणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन सोयी मोलाच्या आहेत. एक, व्हॉट्सॲपचा आवाजाचा मेसेज. माइकच्या चिन्हावर बोट ठेवून बोलायचं, बोट सोडलं की गेला. इथं मात्र दाबूनच धरायचं, आणि मघाची सवय उलटी करावी लागते, म्हणून हा धडा आम्ही वेगळ्या दिवशी घेतो. दुसरी सोय म्हणजे बोलून लिहिणं. गुगलच्या कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि मराठीत बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. मराठीसाठी ही सोय २०१७ पासून आहे. आपल्या गावाकडच्या बोलीत ती कधी चुकते, 'सोयाबीन'चं काहीतरी भलतंच करते, पण जरा सावकाश बोललं की बरं लिहिते. आमच्या एका गटातल्या मावशींना फक्त सही येते. त्या आता बैठकीचा निरोप असा बोलून लिहितात आणि नातवाकडून वाचून घेतात, बरोबर उमटलाय का ते बघायला.

गटाच्या कामात व्हॉट्सॲप चांगलं रुळलंय. बैठकीचा निरोप जातो, हप्ता भरल्याच्या पावतीचा फोटो राहतो, वहीच्या पानाचा फोटो दर महिन्याला टाकला की हिशोबावरून वाद होत नाहीत. फोटोला तारीख असते, ती खोडता येत नाही वहीसारखी. गटाच्या ग्रुपवर 'फक्त ॲडमिननं लिहायचं' असं सेटिंग ठेवलं तर सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येत नाहीत, कामाचे निरोप सापडतात. फुलांसाठी वेगळा ग्रुप काढा, आमचा फुलांना विरोध नाही.

पण आलेलं सगळं पुढं ढकलू नका, हे हसून सांगायची गोष्ट नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनाफोनांवर फिरत होते, आणि अनोळखी माणसं दिसली की लोकांचा संशय बळावायचा. ते मेसेज पुढं पाठवणाऱ्यांत आयाही असतील. काळजीपोटीच पाठवले असतील. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा आणली. मेसेजच्या वर एक बाण दिसला तर तो कुणीतरी पुढं पाठवलेला आहे. दोन बाण दिसले तर तो फार हातांतून फिरून आला आहे, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढं जातो. दोन बाण म्हणजे पाठवणाऱ्या शेजारणीनं तो लिहिलेला नाही, तिलाही कुठून आला माहीत नाही. औषधाचा असो, नोकरीचा असो, देवाच्या शपथेचा असो, दोन बाण दिसले की आपल्यापाशी थांबवायचा.

आता पैशाचं, कारण भीती सगळ्यात जास्त त्याचीच असते आणि ती योग्य आहे. यूपीआय २०१६ साली आलं. आपल्या गटातल्या पापड, शेवया, मसाले विकणाऱ्या मैत्रिणींना आता त्याच्याशिवाय चालत नाही. बाजारात गिऱ्हाईक पहिलं विचारतं, स्कॅनर आहे का? हा व्यवहार समजून घ्यायला एकच वाक्य पक्कं करा: पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. खात्यात किती शिल्लक आहे हे पाहताना लागतो, तेवढं सोडलं तर पिन मागितला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार आहेत. कुणी फोन करून सांगितलं, "मावशी, तुमच्या पापडाचे पाच हजार पाठवतोय, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका," तर तो पाच हजार देत नाही, नेतो आहे. स्कॅन गिऱ्हाइकानं आपला कोड करायचा असतो, आपण त्याचा नाही.

दुसरी फसवणूक बाजारात होते. गर्दीच्या वेळी माणूस स्वतःचा फोन दाखवतो, हिरवी खूण दिसते, "झालं बघा मावशी," आणि माल घेऊन जातो. तसं चित्र बनवता येतं. त्याचा फोन बघायचाच नाही. आपल्या फोनवर बँकेचा मेसेज आला का, किंवा आपल्या डबीनं रक्कम बोलून दाखवली का, तेवढंच खरं. आणि इथं परत पहिला प्रश्न येतो. मेसेज मुलाच्या फोनवर पुण्याला जात असेल, तर आठवडी बाजारात बसलेल्या आईनं काय बघायचं?

पिन चार किंवा सहा आकडी असतो. लेकराच्या जन्माचं साल ठेवू नका, घरात सगळ्यांना माहीत असतं. कागदावर लिहून फोनच्या कव्हरात ठेवू नका. नवऱ्याला सांगायचा की नाही? हा प्रश्न प्रत्येक गावात दबक्या आवाजात विचारला जातो. आमचं उत्तर असं की तुमच्या नवऱ्याचा पिन तुम्हाला माहीत असेल तर बघा. स्मार्टफोन नसलेल्या मैत्रिणींनी साध्या बटणांच्या फोनवर *९९# फिरवून बघावं. त्याला इंटरनेट लागत नाही, शिल्लकही कळते आणि पैसेही पाठवता येतात.

फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प बसू नका. शिकल्या-सवरलेल्यांची होते. १९३० हा नंबर पाठ करा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथं फोनवर होते, आणि लगेच केली तर पैसे पुढच्या खात्यात थांबवता येण्याची आशा असते. चोर एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पैसे पळवतो, त्याच्या मागं धावायला तासही फार होतो. सोबत बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे: ओटीपी किंवा पिन आपणच कुणाला सांगून बसलो असू, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे "घरी कळलं तर फोन काढून घेतील" या भीतीनं दोन दिवस गप्प राहिलेल्या बाईचं नुकसान त्या दोन दिवसांत वाढू शकतं. घरच्यांनीही हे ऐकावं. ओरडा नंतर, आधी १९३०. आणि व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून कुणी "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॉल बंद करू नका" म्हणाला, तर कॉल बंद करा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही.

या सगळ्यात कॉम्प्युटर कुठं राहिला, असं विचाराल. आमच्या मते सगळ्यांना कॉम्प्युटरची गरज नाही, पण प्रत्येक गटात निदान एकीला तो यायला हवा. एक्सेलचा तक्ता म्हणजे आपली वहीच, फक्त ती बेरीज स्वतः करते. एका चौकटीत कर्जाची शिल्लक १०,००० लिहायची, शेजारी महिन्याचा व्याजदर २ टक्के, तिसऱ्या चौकटीत गुणाकाराचं सूत्र एकदा घातलं की २०० येतात. पुढं मुद्दल ८,००० वर आलं की तो आकडा बदलायचा, व्याज आपलं आपण १६० होतं. वीस जणींचं व्याज काढायला सचिवताईंची संध्याकाळ जायची, ती वाचते. माऊस पहिले दोन दिवस हातातून निसटतो, मग वळतो. विळी-खुरपं वळलेल्या हाताला तो काही अवघड नाही. एमएस-सीआयटी करायची असेल तर जरूर करा, पण वहीच्या हिशोबापुरतं तेवढ्याची वाट बघू नका.

यूट्यूब, फेसबुकचं थोडं बोलू. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी बघितल्या असतील. सत्तरीच्या घरात, शाळेत न गेलेल्या बाई नातवाच्या साथीनं पदार्थ करून दाखवायला लागल्या आणि लाखो लोक बघायला लागले. मधे २०२० साली त्यांचं चॅनल कुणीतरी हॅक केलं होतं, ते परत मिळालं. तेव्हा गटाच्या पानाला पासवर्ड ठेवा, व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा आकडा ठेवा, आणि आलेला सहा आकडी कोड कुणालाही वाचून दाखवू नका, अगदी ओळखीच्या नंबरवरून मागितला तरी. ओळखीचा नंबरच आधी चोरीला गेलेला असतो. गटाचा फोटो टाकायचा तर फोटोतल्या बायकांना विचारून टाका. एखादीच्या घरी आवडत नाही, आणि तो त्रास तिला भोगावा लागतो.

"बाईमाणूस फोन घेऊन बसली," हा टोमणा ऐकावा लागतोच. पारावर गडीमाणसं तासन् तास फोनमध्ये डोकं घालून बसतात त्याला कुणी काही म्हणत नाही. टोमण्याला उत्तर देत बसू नका. फोनवर घरच्या उपयोगाचं एखादं काम करून दाखवा, टोमणा कमी होतो. यातलं सगळ्यात चांगलं काम आम्ही शेवटी ठेवलंय: सातबारा.

महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की सातबारा नुसता बघायला पैसे लागत नाहीत. सहीचा, कामाला चालणारा उतारा हवा तर १५ रुपये लागतात. पीकपाहणीही २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाईलवर ॲपमधून करता येते. शेतात आपणच असतो, तर फोटोही आपणच काढावा. आम्ही वर्गात गट नंबर आणायला सांगतो आणि प्रत्येकीला स्वतःच्या बोटानं सातबारा उघडायला लावतो. मग एकेक जण नाव शोधते. सासऱ्यांचं सापडतं, दिरांची सापडतात. काही जणींना स्वतःचं नाव सापडतं, आणि त्या तो पडदा शेजारणीला दाखवतात. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या एका आक्कांना त्यांचं नाव खाली 'इतर हक्क' या रकान्यात सापडलं. त्यांनी विचारलं, "हे वर का नाही?"

वरच्या रकान्यात खातेदार म्हणून नाव असणं आणि इतर हक्कात असणं यात मोठा फरक आहे. ते वर आणायला तलाठ्याकडं, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कुठले कागद घेऊन जायचं, ते पुढच्या भागात सांगू. तोवर पासबुकावरचा नंबर आणि सातबाऱ्यावरचं नाव, दोन्ही बघून ठेवा. चष्मा लावून बघा.